आत येणारी लाइन

त्या रविवारी सकाळी चावीवाल्यांची मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठा कागद पसरून बसली, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता. चावीवाले म्हणजे तिचे बाबा. पस्तीस वर्षं त्यांनी शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. कुठल्या गल्लीखाली कुठला पाइप वळतो, सगळं तोंडपाठ! आणि आता विसरण्याचा आजार असा जडला, की आंघोळ झाली की नाही तेही आठवेना. गेल्या आठवड्यात त्यांनी गॅस सोडला आणि पेटवायचंच विसरले. ही प्रयोगशाळेतल्या नोकरीवरून लवकर घरी आली म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका निवासात एक खाट रिकामी झाली होती. हो की नाही, ते उद्या सकाळी कळवायचं होतं. बाबांना तिथं ठेवायचं, की नोकरी सोडून आपणच घरी बसायचं?

डोक्यात गुंता झाला की तो कागदावर काढायचा, ही सवय बाबांचीच. लहानपणी ती गणितापुढे रडत बसली की ते म्हणायचे, "डोकं म्हणजे काय गोदाम आहे? बाहेर काढ सगळं. गोल कर, रेघा मार, मग बघ."

तर तिने गोल केले. मधे बाबा. एका बाजूला भाऊ, दूरच्या शहरात राहणारा, फोनवरून सल्ले देण्यात पटाईत. त्याच्याकडून बाबांकडे तिने तुटक बाण काढला. नुसत्या सल्ल्यांना अख्खी रेघ कशाला द्यायची? आत्या दर गुरुवारी येऊन बसायची, तिचा एक बारीक बाण. उरलेला गोल स्वतःचा. त्यात नाव काय घालायचं ते तिला सुचेना, म्हणून कोराच ठेवला. त्यातून चार बाण निघाले: प्रयोगशाळेकडे, घरकामाकडे, आत्याच्या गुडघ्यांच्या औषधपाण्याकडे, आणि सगळ्यांत जाड तो बाबांकडे. तासभर ती त्या कागदाकडे बघत बसली. काही म्हणता काही सुचत नव्हतं.

एवढ्यात बाबा आले, चष्मा चढवून कागदावर वाकले.

"कुणी काढलाय हा लाइनींचा नकाशा?"

आवाज जुना, हाताखालच्या माणसांना घाम फोडणारा. अहो बाबा, हा तसला नकाशा नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा असा जागा झालेला पाहिला आणि ती म्हणाली, "मी काढलाय."

"बाण बरे आहेत. पण ही टाकी बघ." त्यांनी कोऱ्या गोलावर बोट ठेवलं. "चार लाइनी बाहेर जातायत. आत येणारी कुठाय?"

तिने पाहिलं. खरंच नव्हती.

"नाहीये, बाबा."

"नाहीये म्हणजे? मग ही चालते कशावर? आठ दिवसांत कोरडी पडेल!"

"दोन वर्षं चालतेय."

"मग तळाला नुसता गाळ असणार. कुठली टाकी ही?"

तिचा बांध फुटला. "मी आहे, बाबा. ती मी आहे. आणि ही जाड लाइन तुमच्याकडे येते."

त्यांनी मधल्या गोलातली अक्षरं बोटाने वाचली. कशाला बोललो आपण, असं तिला होऊन गेलं.

त्यांनी पेन्सिल उचलली. जाड रेघेवर टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले. ही व्हॉल्व्हची खूण. त्रिकोण काळे भरले की व्हॉल्व्ह बंद, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ते पहिला त्रिकोण भरायला लागले. तिने त्यांचं मनगट धरलं.

"नको, बाबा. मी नोकरी सोडते."

"हात सोड. व्हॉल्व्ह चावीवाला बंद करतो, टाकी नाही."

एक त्रिकोण काळा झाला. दुसऱ्यापाशी पेन्सिल थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि आवाज अगदी लहान झाला.

"पण एकदम नको हं, बाळा. एकदम बंद केला की पाइप फुटतो. रोज चावीचे दोन आटे. हळूहळू."

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, हा नकाशा कुणी काढला? तिने पुन्हा सांगितलं, मी.

सोमवारी सकाळी तिने निवासाला फोन करून हो म्हटलं. पण पहिल्या दिवशी दोनच तास आणीन, दुसऱ्या दिवशी चार, रात्रीचं पुढच्या महिन्यात बघू.

"असं कशाला?" पलीकडच्या बाई म्हणाल्या. "बाकीचे लोक एकदाच सोडून जातात."

"आमच्याकडे असंच बंद करतात," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरला नाही.