कविता माझी, कौतुक वाडग्याचे

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि स्वभावाने हेवेखोर आहे. हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. लोखंडाला गंज चढतो हे सगळ्यांना दिसते, पण मला आतून चढलेला गंज फार दिवस कोणाला दिसला नाही.

माझा जन्म पिवळ्या मातीच्या डोंगरातला. गावच्या लोहाराने मोडक्या फाळाचा तुकडा तापवून, ठोकून माझे पाते घडवले आणि एकोणीस वर्षांच्या फान शौत्यानच्या हाती दिले. दांडा त्याने स्वतः बसवला, बोरीच्या लाकडाचा. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या तळहाताला फोड आले आणि माझा दांडा गुळगुळीत झाला. तेव्हापासून आम्ही दोघे एकमेकांचे झालो.

आमच्या डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत आणि त्यांत राळा हे बारीक पिवळ्या दाण्याचे धान्य पिकते. राळ्याची रोपे बोटभर उंच झाली की दाट रोपे विरळ करावी लागतात, तण काढावे लागते. हे काम भर उन्हातच करायचे, कारण उपटलेले तण उन्हातच मरते. फान वाकून पुढे पुढे सरकायचा. त्याच्या हनुवटीवरून घाम टपकायचा तो माझ्या पात्यावर. अडतीस उन्हाळे मी त्या घामाने भिजले. शेजारी म्हणायचे, "शौत्यान, तुझी कुदळ दे रे दोन दिवस. माझी तर मातीला नुसत्या गुदगुल्या करते."

"गाढव ने हवं तर," फान म्हणायचा, "कुदळ नको मागूस."

मला वाटायचे, हे असेच चालणार.

मग एका वसंतात लाल रंगाचे यंत्र आले. त्याच्या मुलाने थाययुआन शहरातून पाठवलेले. ते भडभड आवाज करत एका सकाळी जेवढी जमीन उकरायचे, तेवढीला मला आणि फानला चार दिवस लागायचे. त्याचेही मला फारसे वाटले नसते. पण संध्याकाळी फानने आपल्या गळ्यातला टॉवेल काढला आणि त्या यंत्राचे तोंड पुसले. माझे पाते त्याने जन्मभर गवताने पुसले होते, मित्रांनो. गवताने! त्या दिवशी हेवा म्हणजे काय ते मला कळले.

तीन वर्षे मी कणगीमागे पडून होते. एके दिवशी गावच्या बालवाडीच्या छ्याओ बाई आल्या. वयाने तरुण, बोलायला घाईच्या, पण मनाने चांगल्या.

"फानकाका, मुलांना ती जुनी कविता शिकवायची आहे," त्या म्हणाल्या. "अन्नाची किंमत सांगणारी, चार ओळींची. त्यात दुपारच्या उन्हात कुदळ चालवणारा माणूस आहे. पण माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी कुदळ बघितलीच नाही. तुमच्याकडे एखादी आहे का?"

"एखादी?" फान म्हणाला. "कुदळ आहे ती माझी. एखादी-बिखादी नाही."

त्याने मला बाहेर काढले, दगडावर घासून लखलखीत केले आणि स्वतः बालवाडीत आणून भिंतीवर टांगले. हजार-बाराशे वर्षांची कविता, सगळ्या देशाला तोंडपाठ, आणि तिच्यात मी! त्या दिवशी मी यंत्राला मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या.

पण माझा आनंद आठ दिवसही टिकला नाही, त्याला कारण वाडगा.

वाडगे बावीस होते, निळ्या काठाचे, जाडजूड, बाजारात ढिगाने मिळणारे. दुपारी मुले ते वाडगे दोन्ही हातांत धरून उभी राहायची आणि एका सुरात कविता म्हणायची. कविता माझी, पण सगळ्यांचे डोळे वाडग्यांवर! मग स्वयंपाक करणाऱ्या लुओ काकी वाढायच्या, कधी राळ्याचा भात आणि लाल भोपळा, कधी बटाटा आणि शेवया. जेवण झाले की मुले वाडगा बाईंना दाखवायची. चाटूनपुसून रिकामा केलेला वाडगा दिसला की बाई नावापुढे एक लाल तारा चिकटवायच्या.

"बघा, वाडगा कसा चमकतोय!" बाई म्हणायच्या.

तो का चमकणार नाही? त्याला काय कष्ट? तो हातात बसून खातो. उन्हात मी उभी राहिले, दगड माझ्या दाताखाली आले. आणि तारा याला! मी भिंतीवरून रोज बघायचे आणि रोज जळायचे.

वर्गात माझ्यासारखेच जळणारे आणखी एक माणूस होते. फानची नात, सुईसुई. आमच्याकडे सुई म्हणजे कणीस, तुमची टोचणारी सुई नव्हे. आईवडील शहरात कामाला, ती आजोबांकडे वाढलेली. पाच वर्षांची, काडीसारखी. कविता तिच्याइतकी चांगली कोणी म्हणत नव्हते. पण जेवायला बसली की घास गालात धरून ठेवायची. सगळी मुले खेळायला गेली तरी तिचा वाडगा अर्धा भरलेला. महिना झाला तरी तिच्या नावापुढे एकही तारा नव्हता.

आणि तिच्या शेजारी बसायचा थ्येतान. गोल चेहऱ्याचा, दांडगा. कवितेची तिसरी ओळ तो रोज विसरायचा. पण वाडगा सगळ्यांच्या आधी रिकामा! त्याच्या नावापुढे ताऱ्यांची रांग लागली होती.

"तुला कविता येते, पण तारा नाही," तो सुईसुईला म्हणायचा. "मला कविता येत नाही, पण तारा आहे. गंमत आहे की नाही?"

तो चिडवत नव्हता, त्याला खरेच गंमत वाटत होती. पण सुईसुईचे ओठ असे घट्ट मिटायचे की मला वाटायचे, ही आपल्याच घरची पोर. हिला माझे दुःख कळेल.

माझ्या खाली, भिंतीशी, शेतीचा कोपरा मांडला होता. एक सूप, राळ्याची वाळकी कणसे आणि फाननेच दिलेली बियाण्याची झाकणवाली मातीची बरणी. एका दुपारी सुईसुई सगळ्यांच्या मागे राहिली. वाडगा घेऊन कोपऱ्यापाशी थांबली. तिने इकडेतिकडे बघितले, झाकण उचलले आणि उरलेला भात बरणीत ओतला. मग बोटाने वाडगा पुसला आणि बाईंकडे गेली.

"अगं बाई! आज सगळं संपवलं?" छ्याओ बाईंनी तिला जवळ घेतले. पहिला तारा लागला.

मी सगळे पाहिले होते. मला वाईट वाटायला हवे होते ना? त्या भातातला दाणा न् दाणा माझ्यासारख्याच कोणीतरी उन्हात उभे राहून वाढवलेला. पण खरे सांगते, मला आनंद झाला. वाडगा खोटा ठरला म्हणून आनंद झाला. मी म्हटले, चमक आता! तुझी चमक किती खरी ते मला माहीत आहे.

असे नऊ दिवस चालले. नऊ तारे लागले.

दहाव्या दिवशी लुओ काकी वर्गात आल्या आणि नाक वर करून उभ्या राहिल्या. "कसला आंबूस वास येतोय? हा माझ्या व्हिनेगरचा वास नाही. तो मी झोपेतही ओळखते."

वास घेत घेत त्या कोपऱ्यापाशी आल्या. झाकण उघडले. आत हिरवी बुरशी चढलेला भात, भोपळा, शेवया. मुलांनी नाके दाबली.

छ्याओ बाईंचा चेहरा पडला. रोज कविता म्हणणाऱ्या वर्गात हे! "कोणी टाकलं हे?" त्यांनी विचारले. एकदा विचारले, दोनदा विचारले. मग त्यांची नजर सुईसुईकडे गेली, कारण तिचे जेवण गेल्या नऊ दिवसांतच संपू लागले होते. ती नजर सुईसुईला कळली.

"थ्येताननं," ती म्हणाली. "मी बघितलं."

"मी?" थ्येतान उठून उभा राहिला. "मी कशाला टाकू? मी खातो! बाई, मी खातो!"

"म्हणूनच तुझा वाडगा रोज सगळ्यांच्या आधी रिकामा होतो होय?" बाई म्हणाल्या. त्या रागाच्या भरात त्यांनी त्याच्या नावापुढचे सगळे तारे काढले. एकेक करून. कागद फाटण्याचा आवाज अजून माझ्या लक्षात आहे. थ्येतान रडला नाही. तो खाली बसला. त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारी त्याने जेवणाला हात लावला नाही. लुओ काकी म्हणाल्या, "बाई, या पोरानं कधी पातेल्याकडे पाठ केली नव्हती. मला काही हे पटत नाही."

मला सारे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. पण तोंड असते तर मी बोलले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंनी फानला बोलावले. मुलांना शेताबद्दल दोन शब्द सांगा म्हणाल्या आणि बरणी दाखवली. फानने आत पाहिले. खूप वेळ पाहिले. कोणी केले हे त्याने विचारलेच नाही.

"वाया गेलं ते गेलं," तो म्हणाला. "आता हे मातीला देऊ, निदान तिच्या तरी पोटात जाईल. चला रे पोरांनो, मागच्या अंगणात."

आणि त्याने मला भिंतीवरून उतरवले! किती दिवसांनी तो तळहात माझ्या दांड्यावर आला. बावीस मुले माझ्या मागून चालत आली आणि वाडगे आत फळीवर उपडे पडून राहिले. मी वाऱ्यावर स्वार झाले होते.

दुपारचे ऊन कडक होते. जमीन वाळून विटेसारखी झाली होती. फान म्हणाला, "प्रत्येकानं एक घाव घालायचा. फक्त एक." मुले आली. माझे वजन कोणाला पेलेना. कोणी आपटले, कोणी खिदळले. मग थ्येतानची पाळी आली.

त्याने एक घाव घातला. मग दुसरा. मग तिसरा.

"बास बाळा, एकच," बाई म्हणाल्या.

"मी नाही टाकलं," थ्येतान म्हणाला आणि पुन्हा घाव घातला. "मी खोटारडा नाही." पुन्हा. माझे पाते दगडावर आपटत होते, त्याचे दात आवळलेले होते. पंधरा घाव झाले असतील. मला दांड्यावर ओल जाणवली. मी घाम ओळखते, मित्रांनो, अडतीस वर्षांची ओळख आहे. हा घाम नव्हता. त्या कोवळ्या तळहाताचा फोड फुटला होता.

मला हात हवे होते. माझ्याकडे कोणीतरी बघावे, मला धरावे, म्हणून मी झुरत होते. पण असे नको होते.

"थांब!" सुईसुई किंचाळली. "मी टाकलं! मीच टाकलं! आजोबा, त्याला थांबवा!"

फान गुडघ्यांवर बसला आणि त्याने थ्येतानच्या हातातून मला हळूच सोडवले. मग नातीकडे पाहिले. तिच्या आजोबांचा तसा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता, मीही नव्हता.

"मला कशाला सांगतेस, सुई?" तो म्हणाला. "ज्याचं नाव घेतलंस त्याला सांग."

ती थ्येतानपुढे उभी राहिली. नाक वाहत होते. "तुझे तारे बघून माझ्या पोटात दुखायचं. तू पटापट खातोस. माझा घास गिळतच नाही. मला वाटलं... तुझे सगळे गेले तर..."

थ्येतानने आपल्या हातावर फुंकर घातली. "मी पटापट खातो," तो म्हणाला, "कारण घसरगुंडीवर पहिला नंबर लागतो. ताऱ्याचं मला काय करायचंय?"

लुओ काकी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या! आणि बाई, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, चिमणीला उंटाएवढं वाढायला लावू नका. पोरीचं पोट केवढं, वाडगा केवढा!"

छ्याओ बाई थ्येतानजवळ मातीतच बसल्या. "माझं चुकलं रे," त्या म्हणाल्या. "मी वाडगे बघत बसले. मुलांकडे बघितलंच नाही." त्यांनी स्वतःचा रुमाल त्याच्या हाताला बांधला. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरचा ताऱ्यांचा कागद गेला. आता लुओ काकी पळी हातात धरून प्रत्येकाला विचारतात, "किती?" सुईसुई म्हणते, "अर्धी." आणि अर्धी पळी ती सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत खाते.

थ्येतान मात्र लगेच विरघळला नाही. तो पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही. त्या मागच्या अंगणात मुलांनी राळा पेरला. रोपे बोटभर झाली, तण माजले, आणि फानने मला पुन्हा उतरवून अंगणात ठेवले. सुईसुईने मला उचलायचा प्रयत्न केला. मी हलले नाही. तिने पुन्हा जोर लावला आणि मागच्या मागे पडली. थ्येतान लांब उभा राहून बघत होता. शेवटी तो कुरकुरत आला. "तुला येत नाही ते. वरून धर. वरून!" त्याने खालून धरले, तिने वरून, आणि चार हातांनी मी जमिनीवरून उठले.

वाडगा एकट्याला धरता येतो. मला उचलायला सुईसुईला दुसऱ्याचे हात लागले, एवढे एक सुख माझ्या वाट्याला आले.

मित्रांनो, माझा स्वभाव काही पालटलेला नाही. दुपारी वाडगे ओठांना लागतात तेव्हा अजून माझ्या पात्यात कळ उठते, कारण ज्याच्यासाठी मी जन्मभर झिजले, त्या राळ्याची चव मला कधीच कळणार नाही. ती फक्त तुम्हाला कळते. म्हणून एवढेच मागते. जेवढे खाल तेवढेच वाढून घ्या. वाढून घेतलेले चवीने खा, कोणाला दाखवायला नको. आणि शेजारच्याचे पान बघून पोटात दुखू लागले, तर ते त्याला सरळ सांगून टाका. पोटातले दुखणे झाकण लावून ठेवले की आंबते.