पिवळा मेणखडू

माझा नंबर पुसायचा नाही, हा आमच्या भट्टीवरचा नियम. कागदावर तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सव्वीस वर्षांत तो मोडायची कोणाची छाती झाली नाही. एकदा एका नव्या माणसाने तयार कांब फडक्याने चकचकीत पुसली आणि वरचा नंबर गेला. मी त्याला असा फैलावर घेतला, की पुढे महिनाभर तो बिचारा मला पाहून वाट बदलायचा. धातू वितळून साच्यात ओतला, थंड झाला, की कांबेवर पिवळ्या मेणखडूने नंबर घालायचा तो मीच. माझ्या तीनचं पोट सुटलेलं आणि नऊची शेपटी लांब. दुरून पाहूनही लोक म्हणत, ‘ही उस्तादांची कांब.’ उस्ताद म्हणजे मी. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझी लेक याच कारखान्यात धातुशास्त्रज्ञ आहे. घरी मी तिला टिल्लू म्हणतो, जरी आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. गेटच्या आत मात्र ती मॅडम आणि मी उस्ताद. हे तिनेच पहिल्या दिवशी ठरवलं. ‘आत मला कोणी उस्तादांची मुलगी म्हणायला नको, बाबा,’ म्हणाली. सात वर्षांत तिच्या तोंडून आत एकदाही ‘बाबा’ निघालं नाही. मला जरा लागलं होतं, पण पोरगी बोलली ते बरोबरच होतं.

तीन वर्षं राबून तिने एक नवा मिश्रधातू रचला. विमानाच्या इंजिनात जी पाती लालभडक होऊनही गरागरा फिरत राहतात, त्यांच्यासाठी. निकेल मुख्य, सोबत क्रोमियम, कोबाल्ट, थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम, आणि बोरॉन अगदी चिमूटभर. ती चिमूटच खरी करामत होती. धातू आतून बारीक कणांचा बनलेला असतो, आणि बोरॉन त्या कणांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतं. इंजिनवाल्या कंपनीची अट अशी, की या धातूचा तुकडा लाल तापवून, त्याला वजन टांगून एकशे वीस तास ठेवला तरी तुटता कामा नये. टिल्लूचा हिशोब सांगत होता, तीनशे तास टिकेल.

पण तो टिकणार कधी, आधी घडायला तर हवा! पहिल्या भट्टीची कांब तापवून घणाखाली घेतली आणि तिला तडा गेला. दुसरीला गेला. तिसरीला गेला. घण चालवणारा आमचा पैलवान (नाव पैलवान, अंगावर मूठभर मांस नाही) दर वेळी कपाळाला हात लावायचा. टिल्लूला वाटलं, बोरॉन जास्त होतंय, म्हणून ती दर भट्टीला थोडं कमी करत गेली. चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या तडकल्या. मोठे साहेब म्हणाले, ‘सातवी शेवटची. नाही जमलं तर हे प्रकरण बंद.’

सातव्या भट्टीच्या दिवशी नेमकी माझी दाढ ठणकली. गाल फुगवून मी दवाखान्यात बसलो आणि भट्टी माझ्या जोडीदाराने सांभाळली. दुसऱ्या दिवशी कळलं, की कांब घणाखाली बिनतक्रार लांबली. कुठे केसाएवढाही तडा नाही. बोरॉन फार कमी झालेलं, त्यामुळे वजनाच्या परीक्षेत ती टिकली एकशे चाळीस तासच, पण पास झाली. साहेब खूश. शुक्रवारी इंजिनवाल्यांसमोर बैठक, सही झाली की मिश्रण कायमचं पक्कं. मग त्यात चिमूटभर बदल करायचा तरी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या परीक्षा.

घरी टिल्लू ताटातला भात नुसता चिवडत होती.

“पास झालीस ना? मग तोंड का पाडलंस?” तिच्या आईने विचारलं.

“आई, मी शंभर मार्कांचा पेपर लिहिला होता. चाळीसवर पास झाले.”

“चाळीस तर चाळीस. तुझे बाबा बघ, पस्तीसच्या वर कधी गेले नाहीत.”

एरवी टिल्लू हसली असती. त्या दिवशी उठून हात धुवायला गेली.

बुधवारी पैलवान मला चहाच्या टपरीवर भेटला. “उस्ताद, दाढ काढलीत ते बरं केलंत. तुम्ही नव्हता आणि कांब बघा कशी शहाण्यासारखी वागली. पुढच्या भट्टीला दुसरीही काढून घ्या.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चहा तसाच ठेवून मी तडक भंगाराच्या शेडमध्ये गेलो. सहाही तडकलेल्या कांबी तिथे ओळीने पडल्या होत्या. तापवल्यावर खडू जळून जातो, त्यामुळे नंबर एकावरही नव्हता. नंबर घालताना माझी एक सवय आहे. कांबेच्या टोकाला करंगळी टेकवायची, वीत पसरायची, आणि अंगठा जिथे येईल तिथून लिहायला सुरुवात करायची. वाकलो आणि सवयीने वीत टेकवली. अंगठा बरोबर तड्यावर आला.

दुसरीवर वीत ठेवली. तड्यावरच. तिसरी, चौथी, सहाच्या सहा.

जोडीदाराला गाठलं. “सातव्या कांबेवर नंबर कशाने घातलास?”

“नाही घातला. तुमच्या खडूला हात लावायची माझी काय टाप? पत्र्याचा बिल्ला तारेने बांधला. तापवायच्या आधी पैलवानाने काढला.”

“आणि माझे नंबर? ते काढता का तापवायच्या आधी?”

“कांब पुसतो ना आम्ही. तुमचा नंबर तेवढा सोडून.”

पहिल्या भट्टीच्या कांबेचा एक हातभर तुकडा शिल्लक होता. पुरं बोरॉन असलेला, टिल्लूचा खरा धातू. गुरुवारी पैलवानाकडून त्याचे दोन भाग करून घेतले. एकावर खडूने मोठा तीन काढला, दुसरा घासूनपुसून लख्ख केला. दोन्ही एकाच वेळी तापवले, एकाच घणाखाली घेतले. लख्ख तुकडा गुमान लांबला. दुसरा तीनच्या पोटावरच उकलला.

पैलवान हळूच म्हणाला, “उस्ताद, मी कुठे बोलणार नाही. उद्यापासून बिल्ला बांधा. सातवी पास झालीच आहे. मॅडमचंही भलं, तुमचंही.”

माणूस मनाने चांगला, म्हणूनच तसं बोलला. आणि खरं सांगतो, घटकाभर मलाही ते पटलं. तोंड उघडलं नाही तर कोणाचंच काही बिघडत नव्हतं. फक्त टिल्लूच्या नावावर तो चाळीस मार्कांचा धातू कायमचा चिकटला असता, आणि शंभराचा भंगारात पडून राहिला असता. तोही का, तर तिच्या बापाला आपलं अक्षर फार सुंदर वाटतं म्हणून. रात्रभर कूस बदलत राहिलो.

शुक्रवारी इंजिनवाले यायच्या आधीच मी ॲप्रन घालूनच बैठकीच्या खोलीत शिरलो आणि दोन्ही तुकडे त्या गुळगुळीत टेबलावर ठेवले. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

“साहेब, आज सही करू नका. मॅडमचं पहिलं मिश्रण बरोबर होतं. बोरॉनचा काही दोष नाही. कांबी माझ्या खडूने तडकल्या. पुसायच्या होत्या, पण माझा नंबर पुसायचा नाही असा मीच दम भरला होता.”

टिल्लूने उकललेला तुकडा उचलला, तड्यावरून बोट फिरवलं.

“गंधक,” ती स्वतःशीच बोलली. “खडूत गंधक असणार. पोलादाला चालतं ते. निकेल तापलं की गंधक त्याच्या कणांमध्ये शिरतं आणि त्यांना सोडवतं.” मग माझ्याकडे पाहिलं. “सहा भट्ट्या, उस्ताद. सहा!”

तुकडे घेऊन ती निघून गेली. साहेबांनी इंजिनवाल्यांची बैठक पुढे ढकलली आणि तीन आठवड्यांची मुदत दिली. संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेने खडूत गंधक असल्याचं सांगितलं. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ना आत, ना घरी. तिच्या आईला काही कळेना. मी म्हटलं, “रागवू दे तिला. राग रास्त आहे.”

सोमवारी सकाळी ती भट्टीवर आली. “पहिलंच मिश्रण. पुरं बोरॉन. आणि कांबेला खडू लावाल तर याद राखा.”

“नाही लावणार, मॅडम.”

त्या दिवशी मी जसं ओतलं तसं आयुष्यात कधी ओतलं नसेल. भट्टीतली हवा शेवटच्या कणापर्यंत काढून घेतली. काचेतून धातू पाहत राहिलो, वर एक डाग तरंगत नाही अशी खात्री केली, आणि मगच साचा भरला. पैलवानाने घण घातला, कांब लांबली, पुन्हा लांबली. तो ओरडला, “एक ओरखडा नाही!” मग तुकडा वजन टांगून तापत ठेवला. एकशे वीस तास झाले. एकशे चाळीस. दोनशे. लोक येताजाता यंत्राजवळच्या फळ्यावरचा आकडा वाचू लागले. तेराव्या दिवशी दुपारी तीनशे झाले तेव्हा सगळा कारखाना तिथे उभा होता. टिल्लू डोळे पुसत होती आणि मला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून उभी होती. तुकडा तुटला तो तीनशे अकराव्या तासाला. माझी छाती अभिमानाने इतकी भरून आली, की ॲप्रनची गाठ सैल करावी लागली.

इंजिनवाले सहीला आले तेव्हा टिल्लूने मला बोलावून घेतलं. तिच्या टेबलावर तो उकललेला तुकडा कागदांवर वजन म्हणून ठेवलेला होता. टिल्लूने खडूची हकिगत सांगितली तेव्हा पाहुण्यांतल्या थोराड बाईंनी तो हातात घेतला.

“हे कारण शोधलं कोणी?”

“आमच्या उस्तादांनी,” टिल्लू म्हणाली.

“आणि चूक कोणाची होती?”

टिल्लू समोरचे कागद उगाच सारखे करू लागली.

“तीही माझीच,” मी म्हणालो. ताठ उभा राहून म्हणालो.

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग टिल्लूला विचारलं, “हे कोण?”

टिल्लू उठली, टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“हे माझे बाबा,” ती म्हणाली.