तळहातावरची रेघ

"आक्का, आमच्या सिस्टीममध्ये तुमचं नाव कुठंच न्हाय हो," फोनवरची रूपाली म्हणाली.

मंजुश्री न्हाणीघरात दार लावून उभी होती. बाहेर चार माग धडधडत होते आणि फोनवर बोलता येईल अशी वडगावच्या त्या घरात ही एवढीच जागा होती. तरी दुसऱ्या कानात बोट घालावंच लागलं.

"नाव न्हाय म्हंजे? गेल्या वर्षीचं काम मग कुणी केलं?"

"काम तुमचंच हाय. मेल तुमच्या, नक्षा तुमच्या. पण पॅन नागेंद्र म्हणून लागलंय आणि बँकेचं खातं बी त्यांचंच. आमी दहा टक्के टॅक्स कापून त्यांच्या नावावर भरला. त्यांनी रिटर्न भरून तो परत बी घेतला असंल. आता नवा करार सुद्धा त्यांच्याच नावानं निघालाय, म्हणून म्हटलं एकदा इचारावं."

रूपाली बेंगळुरूच्या एका कंपनीत हिशेब बघायची. मूळची निपाणीची, म्हणून मराठीत बोलायची. जुन्या साड्यांचे काठ संगणकावर नव्यानं काढून द्यायचं काम या कंपनीनं मंजुश्रीला तीन महिन्यांच्या करारावर दिलं होतं. पैसे थोरल्या दिराच्या, नागेंद्रच्या हातात गेले हे तिला माहीत होतं. घरातले सगळेच पैसे तिथं जात. पण करारावर, करखात्यात, कंपनीच्या दप्तरी ती स्वतः कुठंच नाही, हे तिला आत्ता, ओल्या फरशीवर उभं असताना कळत होतं.

"दुरुस्त हुतंय काय?"

"हुतंय की. आमी टॅक्सचं पत्रक सुधारून तुमचं पॅन घालतो. पण त्यांनी लिहून सही द्यायला पायजे, की हे काम माझं न्हाय, पैसे माझे न्हाईत, रिटर्न सुधारून घेतो. सोमवारच्या आत बगा आक्का. एकदा नवा करार गेला की माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाय."

मंजुश्री बाहेर आली. नागेंद्र मागापाशी उभा होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, डाव्या तळहातावर उजव्या बोटानं एक रेघ ओढली आणि काठाकडं हात केला. धागा तुटला होता.

मागाच्या घरात माणसं बोलत नाहीत, खुणा करतात. प्रत्येकाची एक खूण असते. सासूची, बायाक्काची, डोक्यावर पदर घेतल्याची. नवऱ्याची, परशरामची, कानाला हात लावल्याची, कारण लहानपणी तो मास्तरांचा मार फार खायचा. आणि तळहातावर रेघ म्हणजे मंजुश्री. ती खूण नागेंद्रनंच पाडली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तिनं कागदावर मोराचा काठ काढला, तो मागावर चढला आणि हुबळीचा व्यापारी सगळा माल उचलून घेऊन गेला, तेव्हा. घरात सून म्हणून आलेल्या बाईला हाताच्या कामावरून खूण मिळाली, याचा तिला किती दिवस अभिमान वाटला होता.

तिनं वाकून धागा जोडला.  

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला माग चालवत नाहीत. त्या दिवशी घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं, मग हळूहळू घड्याळ ऐकू येतं, शेजारच्यांचं खोकणं ऐकू येतं. महिनाभर साठलेली भांडणं वडगावात याच दिवशी होतात.

पूजा झाली. चारही मागांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. बायाक्का खोबऱ्याचे तुकडे वाटत होती. मंजुश्रीला अमावस्येचा उपास होता, तिनं आपला तुकडा वाटीत ठेवला.

"अण्णा, कंपनीला पॅन कार्ड तुमचं दिलतं?"

नागेंद्र खोबरं चावत राहिला. "दिलतं की. तुलाच इचारून दिलतं. कार्ड वर करून खूण केली, पाठवू काय म्हणून. तूच मान हलवलीस."

"कुणाचं कार्ड, ते खुणेत नव्हतं."

"मग? या घरात कुणाच्या नावानं कुणाचं काम गेलंय? परशाचं गेलंय? आप्पा हुते तवा माझी मजुरी बी आप्पांच्या नावानं पडायची. मी कधी तोंड उघडलं?"

"तुमी उघडलं न्हाई, तो तुमचा प्रश्न झाला. मी उघडतीया."

आवाज चढवायची तिला सवय नव्हती. मागाच्या घरात चढवून उपयोगही नसतो. पण शब्द असे पडत होते की परशराम हातातली सुताची कांडी उगीचच उलगडायला लागला.

"बगा की," बायाक्का म्हणाली, "म्हणं नाव. आगं, जलमभर लुगडी इनली मी. बाजारात नाव ह्यांच्या बापाचं. घेणाऱ्या बायका यायच्या आणि म्हाताऱ्याला म्हणायच्या, काय हात हाय हो तुमचा. आणि त्यो बी हसायचा. त्याला साधा ताण्याचा धागा जोडाय येत नव्हता." ती स्वतःच हसली. मग हसू अर्ध्यावर थांबलं आणि ती खोबऱ्याच्या वाटीकडं बघत बसली.

"अण्णा, मी कागद लिहून आणलाय. सही करा."

नागेंद्र उठून आत गेला. आला तो हातात नोटांची पुडी घेऊन. पुडी त्यानं मागाच्या फळीवर ठेवली, हळदकुंकवाशेजारी. "हे घे. सरकारनं परत दिलेला टॅक्स बी हाय त्यात. मी तुझं खाल्लं असं कोण म्हणाय नको. झालं? इषय मिटला."

"पैसे माझेच हाईत. ते माझ्या खात्यात येऊ द्यात, कंपनीला कळंल असे. सही करा."

"सही केली की कर्ज गेलं!" आता तो ओरडला. "बँकेत हीच मिळकत दाखवलीया मी, नव्या मागासाठी. नव्या मागावर कोण बसणार हुतं? तुझाच दाल्ला बसणार हुता."

म्हणजे तिच्या डोळ्यांनी, तिच्या मानेच्या दुखण्यानं एक माग उभा राहणार होता, आणि तिला ते सांगायची गरजही कुणाला वाटली नव्हती. मंजुश्रीनं नवऱ्याकडं बघितलं.

"काम तर तिचंच हाय की," परशराम जमिनीला म्हणाला.

तिला अण्णांपेक्षा त्याचाच राग जास्त आला. वर्षभर माहीत होतं याला. बाजूच्याच मागावर तर असतो.

"बरं," ती म्हणाली. "नव्या करारासाठी सोमवारी कंपनीवाले व्हिडिओवर बसवणार हाईत. त्यांच्या म्होरं काठ काढायचा, काढता काढता सांगायचा. करार तुमच्या नावानं येऊ दे. तुमीच बसा. मोर काढून दावा."

ती उठली, आतून संगणक घेऊन आली आणि त्याच्यापुढं उघडून ठेवला. पडद्यावर अर्धा काढलेला काठ होता, एका मोराला मान होती, दुसऱ्याला नव्हती. नागेंद्रनं त्याकडं बघितलं.  शेजारच्या घरात कुणी तरी भाजी निवडत होतं, देठ मोडल्याचे आवाज येत होते.

"पेन आण," तो म्हणाला.

पण तिनं लिहिलेल्या कागदावर त्यानं सही केली नाही. वहीचं पान फाडलं आणि स्वतःच्या अक्षरात, अडखळत, लिहिलं. सदर महिला माझे घरी राहतात. सदर काम त्यांनी केलेले असून त्याचा माझेशी काही संबंध नाही. रिटर्न सुधारून घेत आहे व रक्कम परत करत आहे. खाली सही ठोकली. पान तिच्याकडं न देता फळीवर ठेवलं आणि नोटांची पुडी उचलून आत गेला.

सदर महिला. मंजुश्रीनं ते दोनदा वाचलं. मग मोबाईलवर फोटो काढून रूपालीला पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, चालतंय आक्का, तुमचं पॅन पाठवा, हुतंय. वाटीतला तुकडा तिनं देवापुढं ठेवला, संध्याकाळी सोडायच्या उपासासाठी.

सकाळी माग सुरू झाले. तिच्या खात्यात पैसे भरून नागेंद्र बँकेतून उशिरा आला आणि थेट मागाशी उभा राहिला. ती संगणकावर दुसऱ्या मोराची मान काढत होती. दुपारी मधल्या एका मागावर काठाचा धागा तुटला. नागेंद्रनं माग थांबवला आणि तिच्याकडं बघितलं. त्याचा डावा हात उघडला, उजवं बोट तळहातापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. मग त्यानं तेच बोट लांब करून तिच्याकडं नुसतं दाखवलं, घरची खूण नसलेल्या गिऱ्हाइकाकडं दाखवतात तसं.

मंजुश्री उठली, वाकली आणि धागा जोडला.  परत जागेवर बसल्यावर तिनं मांडीवर हात उलटा ठेवला आणि आपल्याच तळहातावर, कुणाला दिसणार नाही अशी, एक रेघ ओढून बघितली.