बेशुद्ध माणसाने हात हलवू नये

सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली की माणसाला दोन गोष्टी सुटतात: एक पोट, आणि दुसरी बढतीची हाव. गुणवंत मोहरीलांनी पोट आवरलं होतं. रोज सकाळी दिल्लीत सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरांभोवती फेऱ्या मारून ते त्यांनी पट्ट्याच्या आत बसवलं होतं. दुसऱ्या गोष्टीवर मात्र इलाज सापडला नव्हता. अंडर सेक्रेटरीच्या खुर्चीत येऊन गाडी थांबली, वरची जागा निघेना, निघाली तर दुसऱ्याला मिळे. तेव्हा मोहरीलांनी ही हाव पाण्यात नेली.

झालं असं, की तीन हिवाळ्यांपूर्वी एल.टी.सी.वर, म्हणजे सरकारी प्रवास-सवलतीवर, नवरा-बायको अंदमानला गेली होती. तिथे चार दिवसांचा स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स दोघांनी केला आणि दोघं पास झाली. त्यांची पत्नी विजयालक्ष्मी ऑडिटमध्ये होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खर्चातली भोकं शोधणारी बाई आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी पोचली जिथे कुणी फोन करत नव्हतं, आणि कुणी बोललंच तर बुडबुडे निघत होते. एका खडकाच्या कपारीत सापासारखी एक जाडजूड ईल मासळी तोंड उघडत-मिटत बसली होती, अगदी मीटिंगमधल्या डायरेक्टरसाहेबांसारखी. फरक एवढाच, की हिचं ऐकावं लागत नव्हतं. विजयालक्ष्मी तिच्यासमोर तरंगत राहिली. वर आल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती: उद्या पुन्हा खाली जायचं.

मोहरीलांना दुसरी गोष्ट हवी होती. डोकं पुसायच्या आधी त्यांनी विचारलं, "इसके बाद क्या होता है?"

तिथल्या शिकवणाऱ्या पोरीने सांगितलं, की घाई नाही. थोडं पाण्यात फिरा, श्वास स्थिर होऊ द्या, मग पुढचा, ॲडव्हान्स्ड कोर्स करा. मोहरीलांनी हे ऐकलं ते फाइल अडवून धरणाऱ्या सेक्शन ऑफिसरचं ऐकावं तसं. वरच्या पायरीसाठी किमान सेवेची अट आहे का? नाही ना? मग अर्ज घ्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ॲडव्हान्स्ड सुरू केला, आणि विजयालक्ष्मी एका गाइडबरोबर माशांमागे निघून गेली. खोल डाइव्हमध्ये मोहरीलांनी आपली हवा सर्वांआधी संपवली आणि आख्ख्या तुकडीला माघारी फिरवलं. दिल्लीत आल्यावर मित्रांना त्यांनी सांगितलं, की प्रवाह फार होता. प्रवाह नव्हता. हातांचा पंखा होता. पाण्याखाली माणूस डास मारत असावा तसे ते हलत होते.

इतपत मजा म्हणून सोडून देता आलं असतं. पण दिल्ली हे असं शहर आहे, की समुद्र हजार-दीड हजार किलोमीटर लांब असला तरी समुद्राचा क्लास मात्र मिळतो. गाझियाबादच्या एका रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव रविवारी सकाळी भाड्याने घेऊन श्याम मल्होत्रा नावाचा गृहस्थ 'पाताल ॲकॅडमी' चालवत होता. माणूस वाईट नव्हता, विकणारा होता. गिऱ्हाइकाने 'पुढे काय' विचारलं की त्याच्या चेहऱ्यावर दिवाळी उजाडे. मोहरीलांना त्याने विशेष हवेच्या मिश्रणाचा कोर्स दिला; तो खुर्चीत बसून झाला. मग उपकरणांच्या देखभालीचा दिला. तो टेबलावर स्क्रू पसरून झाला. दोन कार्डं आली आणि पाय ओला झाला नाही. मोहरीलांनी कार्डांसाठी वेगळं पाकीट घेतलं.

आणि या सगळ्यात समुद्र पुढे ढकलला जात होता. पहिल्या हिवाळ्यात विजयालक्ष्मीने अंदमानचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, मिश्रणाचा कोर्स होऊ दे, मग जाऊ. दुसऱ्या हिवाळ्यात म्हणाले, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट हाती येऊ दे. यंदा त्यांनी रेस्क्यू घेतला होता, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवण्याचा कोर्स, आणि तो पुरा झाल्याशिवाय बायकोला पाण्यात नेणं त्यांना जबाबदारीचं वाटत नव्हतं. "तुझ्यासाठीच करतोय, विजया," असं ते सांगत. ऑडिटमधल्या बाईला असला खर्चाचा शेरा ओळखू येतो. दुसऱ्याच्या नावावर टाकलेला खर्च नेहमी आपलाच असतो.

हिशोब तिच्या बाजूने सरळ होता. मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. एल.टी.सी.चं चालू ब्लॉक, म्हणजे ती वापरायची मुदत, डिसेंबरअखेर संपत होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. या हिवाळ्यात गेली तर गेली. नाहीतर ती ईल तोंड उघडत-मिटत राहील, आणि इकडे विजयालक्ष्मी सेवानिवृत्तांच्या भजनाला बसेल.

तिने गाऱ्हाणं नेलं ते मुनिरकेला, शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे. कुमुद विद्यापीठात शिकवायची, एकटी राहायची, आणि वर्षातून एकदा न चुकता कुठल्या तरी समुद्रात बुडी मारून यायची. तिच्या घराखाली दोन कोचिंग क्लास होते, शेजारी तिसरा होता. जिन्यावर पोरं उभी राहून चहा पीत पीत पाठ करत.

"ही बघ," कुमुद खिडकीतून दाखवत म्हणाली, "ह्यांचा पहिल्या परीक्षेचा निकाल लागलेला नसतो आणि दुसरीचा क्लास लावलेला असतो. तुझा नवरा ह्यांच्यातलाच, फक्त केस पिकलेत."

विजयालक्ष्मीने विचारलं, की तू ॲडव्हान्स्ड कधी केलास. कुमुद म्हणाली, गेल्या वर्षी. त्याच्या आधी पाच-सहा वर्षं पहिल्याच कार्डावर मजेत फिरत होते. एकदा गढूळ पाण्यात बोट कुठल्या अंगाला आहे तेच कळेना, गाइडच्या पायाकडे बघत बघत परत आले. तेव्हा लाज वाटली, की यार, आपल्याला दिशा समजत नाही. मग शिकायला गेले. काही लोक लगेच करतात आणि त्यांना जमतंही, त्यात पाप नाही. "पण काय येत नाही ते आधी पाण्याने सांगायला हवं ना, विजू. तुझ्या ह्यांना ते श्याम मल्होत्रा सांगतो."

सप्टेंबरच्या एका रविवारी रेस्क्यूचा तलावातला भाग होता. तळाशी बेशुद्ध पडलेल्या माणसाला वर आणायचं. त्यासाठी एक बेशुद्ध माणूस लागतो, आणि घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, असा मोहरीलांचा विचार. विजयालक्ष्मी हो म्हणाली. तिला निदान सिलिंडर पाठीवर घ्यायला मिळत होता. गाझियाबादपर्यंतच्या रस्त्यात गाडी चालवता चालवता मोहरीलांनी सगळ्या पायऱ्या दोनदा म्हणून दाखवल्या, क्रमांकासकट. एकदाही अडखळले नाहीत. मुनिरकेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

ती तळाशी जाऊन आडवी झाली. वर रिसॉर्टमधली दोन-तीन कुटुंबं पराठे खात काठावर जमली होती. मोहरील खाली आले. आले ते जरा जोरातच, पायांनी तिच्या खांद्याला ढकलत. मग तिच्या मागे गेले, पट्टा धरला, आणि बोटांवर एक, दोन, तीन मोजले. तिसऱ्या पायरीला त्यांच्या कोपराचा धक्का तिच्या तोंडातल्या नळीला लागला. ज्यातून श्वास घ्यायचा ती नळी निसटून खाली लोंबायला लागली.

बेशुद्ध माणसाच्या तोंडातली नळी हाताने धरून ठेवायची असते. मोहरीलांना ते पाठ होतं. पण ते तिसऱ्या पायरीत नव्हतं, आणि मोहरील आता तिसऱ्या पायरीत होते. त्यांनी चौथी घेतली.

विजयालक्ष्मी क्षणभर थांबली. तिला वाटलं, आता दिसेल, आता बघतील. त्यांचे डोळे मास्कच्या काचेमागे तिच्या जाकिटाच्या बटणावर खिळले होते. तिने शांतपणे हात मागे नेला, खांद्यावरून नळी ओढून घेतली, तोंडात घातली, एक फुंकर मारून पाणी बाहेर काढलं आणि श्वास घेतला. चार दिवसांच्या त्या पहिल्या कोर्सात शिकवलेली गोष्ट. हाताने आपणहून केली, तिला विचारलंही नाही.

मोहरीलांनी ते मात्र पाहिलं. त्यांनी तिच्यासमोर बोट नाचवलं: नाही, नाही. मग तिचा हात धरून पुन्हा बाजूला, मेलेल्या माणसासारखा, नीट ठेवून दिला.

वर आल्यावर श्वास लागलेला असतानाही त्यांचं पहिलं वाक्य तयार होतं. "विजया, बेशुद्ध माणूस हात हलवतो का? सगळा सीक्वेन्स बिघडवलास."

काठावरचे पराठे थांबले.

"अहो," ती मास्क कपाळावर सरकवत म्हणाली, "नळी सुटली होती माझी."

"मग तू सांगायचं."

"बेशुद्ध असताना?"

श्याम मल्होत्राने पाहिलं सगळं होतं, पण विकणाऱ्या माणसाने काय पाहायचं ते ठरलेलं असतं. सर, बाकी सब परफेक्ट था, असं तो म्हणाला, छोटी सी चीज़ है, एक बार और कर लेते हैं. मोहरीलांनीही मान डोलावली. पुन्हा करू; फक्त ह्यावेळी जरा सहकार्य करणारा माणूस हवा. मग त्यांनी काठावरच्या कुटुंबांकडे मदतीच्या अपेक्षेने पाहिलं. सगळ्यांना एकाएकी पराठ्यांची आठवण झाली.

विजयालक्ष्मीने सिलिंडर उतरवला, टॉवेल गुंडाळला आणि खुर्चीवर जाऊन बसली. राग आला होता असं नाही. ऑडिटमध्ये राग येऊन चालत नाही, तिथे निष्कर्ष येतो. ह्या माणसाबरोबर समुद्रात खाली गेलो, तर वेळ पडल्यास आपणच आपल्याला वाचवायचं, आणि शिवाय ह्याचा सीक्वेन्स बिघडवला म्हणून बोलणी खायची. मग तो नसला तर कमी काय होतं? बोलणी.

सोमवारी तिने आपल्या कार्यालयात स्वतःच्या नावाने एल.टी.सी.चा अर्ज टाकला. इतकी वर्षं नवऱ्याच्या अर्जात तिचं नाव 'कुटुंब' ह्या सदरात जाई. दोघंही नोकरीत असली तर ज्याचं त्याला घेता येतं हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या असल्या अर्जांवर तिने आक्षेप काढलेले होते. मंजुरी आली. कुमुदने डिसेंबरचं तिकीट तिच्याबरोबरच काढलं.

घरी तिने हे सांगितलं ते रात्रीच्या जेवणात, वरणावर तूप वाढता वाढता. मोहरीलांचा हात थांबला.

"म्हणजे माझ्याशिवाय?"

"तुमचा रेस्क्यू मार्चमध्ये पुरा होणार ना. समुद्रातला भाग बाकी आहे म्हणालात. मग मार्चमध्ये जा."

त्यांनी मुद्दे मांडले. मुद्दे मांडण्यात ते मंत्रालयात प्रसिद्ध होते. तुझ्याकडे ॲडव्हान्स्ड नाही. दोन वर्षांवर तू समुद्रात उतरलेली नाहीस. पहिल्या कार्डावर अठरा मीटरच्या खाली जाता येत नाही.

"मला अठरा पुरतात," विजयालक्ष्मी म्हणाली. "आणि उतरलेली नाही ती कुणामुळे? तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी उथळ पाण्यात उजळणी करणार आहे. जे शिकले तेवढं तरी हातात राहिलंय का ते बघते."

"आणि पुढचा कोर्स?"

"लागला तर करीन."

हे उत्तर मोहरीलांना कळलं नाही. त्यांच्या जगात 'लागला तर' असा काही प्रकार नव्हता. जेवण झाल्यावर ते बराच वेळ पाकिटातली कार्डं लावत बसले, आणि झोपताना जरा मऊ आवाजात म्हणाले, की थांबलीस तर बरं होईल, तुझं माझ्याशिवाय जाणं मला काही ठीक वाटत नाही. तिला त्यात क्षणभर तिचा जुना नवरा ऐकू आला. मग ते पुढे म्हणाले, "लोक विचारतील ना, घरात रेस्क्यू डायव्हर असून बायको दुसऱ्याबरोबर का गेली." जुना नवरा पुन्हा आपल्या जागी जाऊन झोपला.

ती गेली. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात नळी काढली, घातली, मास्कमध्ये पाणी घेतलं, काढलं. गाइड पोरगा एवढंच म्हणाला, की मॅडम, सांस अच्छी है. दुसऱ्या दिवशी कुमुद आणि ती खडकाच्या भिंतीशी गेल्या. दोघींनी एकमेकींच्या मीटरचे काटे पाहिले, हवा पाहिली, आणि हात छातीशी बांधून पाण्यात सोडून दिल्यासारख्या तरंगत राहिल्या. निळ्या अंगाच्या माशांचं एक मोठं टोळकं दोघींच्या मधून गेलं, बाजूला व्हा असंही न म्हणता. विजयालक्ष्मीला बढतीची एकही कल्पना सुचली नाही.

संध्याकाळी मोहरीलांचा फोन आला. किती खोल गेलात, हा पहिला प्रश्न.

"बारा मीटर."

"फक्त?" मग आवाजात उत्साह आला. श्यामने नवी गोष्ट काढली होती. रात्रीच्या डायव्हिंगचा कोर्स. ह्याच आठवड्यात, गाझियाबादलाच. पाणी गार असेल, पण हरकत नाही, तलावाचे दिवे बंद करणार आहेत.

विजयालक्ष्मीने समुद्राकडे पाहिलं. अंधार तिथेही पडत होता, कुणी बटण न दाबता.

"स्वेटर घेऊन जा," ती म्हणाली, "आणि बेशुद्ध माणूस लागला तर श्यामलाच झोपवा. त्याने निदान शुल्क घेतलंय."

फोन ठेवून तिने कुमुदला विचारलं, की उद्या बोट किती वाजता सुटते.