नातं दाखवा, होडीत बसा

गोवा मोकळा झाला आणि पिराजीची नोकरी गेली. तेरेखोलच्या खाडीवर तो शिपाई होता. पोर्तुगिजांच्या हद्दीकडे कुणी वल्हवत निघाला की शिट्टी फुंकायची आणि विचारायचं, "पल्याड नातं हाय का?" असलं तर जा, नसलं तर फिर माघारी. आता सरहद्दच उरली नाही, म्हणून तो मुळशीला परत आला. शिट्टी मात्र घेऊन आला.

आल्या आल्या त्याला दिसलं, की गावातली चंद्रा रोज नावाडी कुशाबाच्या होडीतून धरणाचं पाणी ओलांडते. तिचं घर अल्याड, वावर पल्याड, मधलं सगळं धरणाच्या पोटात. पण वावरात निघालेलं माणूस एवढं हसत नाही, हे पिराजीला पक्कं माहीत होतं. तो स्वतः वावरात कधी हसला नव्हता. शिवाय चंद्राशी लग्न करायचं त्याने खाडीवरच ठरवलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खाकी सदरा चढवून तो काठावर उभा राहिला.

"ही सरहद्द हाय. नातं दाखवा, मगच होडीत बसा."

कुणी हरकत घेतली नाही. धरण झाल्यापासून पाण्यावर कसला ना कसला नियम निघायचाच. म्हाताऱ्या गेणबाने तर न विचारताच पल्याडचे दोन साडू सांगून टाकले.

मग चंद्रा आली.

"पल्याड कोण तुझं?"

"हरभरा."

"हरभरा नात्यात बसत न्हाई."

"मग त्यो उपटायचा कुनी? तुज्या शिट्टीनं?"

"नियम म्हंजे नियम."

कुशाबा पल्याडच्याच वाडीचा. वल्ह्यावर हनुवटी टेकून तो ऐकत होता. "शिपाईबुवा, नवरा नात्यात बसतो का?"

"बसतो की. पयला नंबर," पिराजी म्हणाला. नियमाच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे.

चंद्राने कुशाबाकडे बघितलं. कुशाबा उगाच पाण्याकडे बघायला लागला. हरभरा वाळत चालला होता, म्हणून दोघांचं लग्न घाईनेच धरलं.

लग्नादिवशी वऱ्हाड पल्याड निघालं. पिराजीने एकेकाचं नातं विचारून सगळ्यांना सोडलं आणि शेवटी स्वतः होडीत बसायला पाय उचलला. त्याच्याशिवाय तिकडे काय काय हसणं चालेल, या विचाराने त्याला रात्रभर झोप नव्हती.

"थांब," चंद्रा म्हणाली. "पल्याड कोण तुझं?"

पिराजीचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"येऊ दे गं त्याला," तिची आई रत्नाबाई म्हणाली. "तुला भाऊ न्हाई. कान पिळायला कुनीतरी पायजेच. भाऊ म्हून येईल. काय रे?"

मागे राहणं त्याहून वाईट होतं. पिराजी भाऊ होऊन बसला.

मांडवात कानपिळीची वेळ आली. रीत अशी, की नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान जरासा पिळायचा, आहेर घ्यायचा आणि सोडायचा. पिराजीने कान धरला. कुशाबाने उपरणं पुढे केलं. पिराजीने बघितलं नाही. टोपी दिली, तीही नको. कान जास्वंदीसारखा लाल झाला. भटजी पंचांग मिटून बसले.

"आरं, सोड की आता!" रत्नाबाई ओरडली.

"तपासणी चालू हाय," पिराजी म्हणाला.