राजेशबुवांची तपासणी

बाळादादा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला. तेव्हाच डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही भावंडांना समोर बसवून सांगितलं होतं, की सख्ख्या भावाला हा आजार झाला म्हणजे तुम्हालाही धोका इतरांपेक्षा जास्त. काही त्रास नसला तरी दुर्बिणीने तपासणी करून घ्या.

शुभा दहिसरच्या शाळेत पीटी शिकवायची. ती लगेच जाऊन आली, सगळं ठीक निघालं. धाकटा राजेश मात्र टाळत राहिला. मालाडला राहणारा हा बँकेतला माणूस कोकणातल्या गाववाल्यांच्या भजनी मंडळाचा बुवा होता. भजनाच्या सामन्यात समोरच्या बुवाला गप्प करायचा, पण या विषयावर तोंड उघडेना. जुलाबाचं औषध घ्यायचं आणि मग मागून नळी घालून घ्यायची, या कल्पनेनेच तो लाजेने अर्धमेला व्हायचा.

शेवटी एका रविवारी शुभा त्याच्या घरी जाऊन बसली.

“माका काय एक होत नाय गो,” राजेश म्हणाला.

“दादाक तरी खंय काय होत होता? कळला तेव्हा उशीर झाललो.”

शेवटच्या दिवसांत दादाला उचलून बाथरूमपर्यंत राजेशच न्यायचा.

“मी जाऊन इलंय ना?” शुभा म्हणाली. “झोपेचा इंजेक्शन देतत. जाग येता तेव्हा सगळा झालेला असता. मी येतंय तुझ्यावांगडा सोबतीक.”

तो गेला. आतड्यात एक मोड, म्हणजे छोटी मांसल गाठ, सापडला, डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत राजेशने पेटीला हात लावला नाही. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. तो मोड काही वर्षं तसाच राहिला असता तर बहुतेक कॅन्सरच झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. आता ठरावीक काळाने पुन्हा तपासायचं, एवढंच.

पुढे बोरिवलीच्या हॉलमध्ये मंडळाचा वार्षिक कार्यक्रम झाला. गजर संपला आणि राजेशने माइक जवळ ओढला. संडास, आतडं, नळी, सगळे शब्द त्याने न अडखळता उच्चारले. मागच्या रांगेत पोरं खुसखुसली. मग त्याने दादाचं नाव घेतलं आणि हॉल शांत झाला.

“दादा याच मंडळात टाळ वाजवायचा,” तो म्हणाला. “त्याला वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. मला ताई होती, म्हणून आज गातोय. पंचेचाळिशी गाठली असेल किंवा घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर लाजू नका. डॉक्टरला विचारा.”

शेजारच्या बाईने शुभाला विचारलं, बुवा तुमचे कोण?

“माझो धाकटो भाव,” शुभा म्हणाली, जरा मोठ्यानेच.

जेवताना ती त्याच्याकडे निघाली होती, पण मंडळातले धोंडूकाका आणि आणखी दोघेजण ताटं घेऊन त्याला बाजूला ओढून तपासणीबद्दल काहीतरी हळूच विचारत होते. ती थांबली. त्यांना बोलू दिलं, आणि आपलं ताट घेऊन बायकांच्या पंगतीत जाऊन बसली.