बरणीतले बी

मित्रांनो, मी सोयाबीनचा एक जुना दाणा आहे. रंग फिका पिवळा, पोटावर तपकिरी डोळा. माझे सहावे वर्ष सरत आले आहे. सोयाबीनच्या बियाने इतकी वर्षे पडून राहू नये, हे मला फार उशिरा कळले.

माझा जन्म एका पोस्टमनच्या घरामागच्या तुकड्यात झाला. त्याच्या मुलीला, चिमणीला, लहानपणी दूध पचत नसे. घोटभर प्याली की उलटी. कुणीतरी सांगितले, सोयाबीन भिजवून वाटा, गाळा, उकळा, ते दूध द्या. दिले, तर त्या उग्र वासाने पोरीने नाक धरले. मग हा गृहस्थ हट्टाला पेटला. दर हंगामात तो एकेका झाडाचे चार दाणे चावून बघे, वास कमी असेल त्याच्या बुंध्याला लाल दोरा बांधे आणि पुढच्या वर्षी तेवढेच पेरी. पत्रे वाटायची सोडून हा शेंगा चघळत बसतो, असे शेजारी हसत. सातव्या वर्षी चिमणीने पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला. त्या दिवशी तो घरोघरी पत्रे देताना सगळ्यांना हेच सांगत सुटला.

आमचे काहीच वाया जात नसे. तेल घरात, पेंड कोंबड्यांना, मुळांच्या गाठींचे मातीलाही खत. बियाचे दाणे मात्र तो कधी मळणी यंत्रात घालत नसे. आमची साल पातळ, आपटले की आतला कोंब दुखावतो, म्हणून हलक्या हाताने काठीने झोडपी.

चिमणी मोठी झाल्यावर, माझ्या वर्षी, त्याने असेच झोडपले, बरणी भरली, झाकण लावले आणि छाती धरून खाली बसला. तो पुन्हा उठला नाही.

चिमणीच्या आईने बरणी त्याच्या खाकी सदऱ्यामागे कपाटात ठेवली. पेरणीच्या वेळी शेजारीण मूठभर बी मागायला आली, तेव्हा आई म्हणाली, "ह्यांच्या हातचं शेवटचं आहे. मातीत नाही घालवायची मी." चिमणी लग्न होऊन दूर गेली. आई रोज बरणी पुसायची, मांडीवर घेऊन बसायची. आम्हाला वाटे, केवढे हे भाग्य! आणि आत आमचे तेल खवट होत होते, एकेक दाणा गुपचूप विझत होता.

यंदा चिमणी लेकीला घेऊन आली. नातीलाही दूध पचेना आणि बाजारच्या सोयाबीनचे दूध ती तोंडात धरीना. आईने दागिना काढावा तशी बरणी काढली. बी उगवते का बघायला चिमणीने वडिलांसारखेच ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडले, दहा ओळी, आणि गुंडाळी केली. मी चौथ्या ओळीत होतो. पाणी प्यालो, फुगलो, साल फाटली. सारा जीव एकवटून ढकलू लागलो, पण ढकलायला आत काही उरलेच नव्हते.

पाचव्या दिवशी गुंडाळी उघडली. एकालाही कोंब नव्हता. आणखी दोन दिवस ठेवू, असे आई म्हणाली, आणि चिमणीने ठेवले. सातव्या दिवशी आम्ही बुळबुळीत झालो होतो. तरी आई नखाने एकेक दाणा उलटून बघत राहिली.

"मी तर जपलं होतं गं," ती म्हणाली. मग हातातला दाणा खाली ठेवत, "दर वर्षी मूठभर पेरलं असतं, तर आज असतं ना?"

चिमणीला खोटे बोलता आले नाही. "हो, आई."

आईने बरणी रिकामी करून पालथी घातली आणि आम्हाला परसात टाकले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या हातचे काही तुमच्याकडे असेल, तर ते कपाटात बंद करू नका. पेरा, वाटा, वापरा, सांडले तरी चालेल. ही माती मला सहा वर्षांपूर्वी हवी होती. आज तिच्यात पडलो आहे, पण आता मला फक्त कुजता येते.